दर्याचा सरखेल : कान्होजी आंग्रे

[पाठाची ओळख : रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अलिबाग हे गाव आहे. तीनशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर मराठे, सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज अशा चार सत्ता एकमेकींना भिडलेल्या होत्या. त्या काळात मराठ्यांच्या आरमाराचे नेतृत्व करणाऱ्या कान्होजी आंग्रे यांचे चरित्र या पाठात दिले आहे. त्यांच्याविषयी परक्यांनी काय लिहिले आणि आपल्या अभ्यासकांनी काय लिहिले, हेही येथे पाहायला मिळेल.]

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर समुद्रात एक किल्ला दिसतो. तो कुलाब्याचा किल्ला. भरतीच्या वेळी त्याच्या चारही बाजूंना पाणी असते. ओहोटी लागली की पाणी मागे सरते आणि ओल्या वाळूतून चालत किल्ल्यापर्यंत जाता येते. हे वेळापत्रक ज्याला ठाऊक नाही, त्याची फजिती होते. ज्याला ठाऊक आहे, त्याला समुद्र मदत करतो. कान्होजी आंग्रे यांना हे वेळापत्रक तोंडपाठ होते.

कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ च्या सुमारास झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून त्यांना आंग्रे म्हणू लागले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. हर्णैजवळ समुद्रात असलेल्या सुवर्णदुर्ग किल्ल्यावर त्यांची नेमणूक होती. त्यामुळे कान्होजींचे बालपण समुद्राच्या सहवासात गेले. वाऱ्याची दिशा, पाण्याखालचे खडक, खाडीचे मुख, भरती-ओहोटीच्या वेळा हे सारे त्यांनी कोळी आणि खलाशी यांच्याबरोबर राहून शिकून घेतले.

त्या वेळी कोकणच्या किनाऱ्यावर कोणाकोणाची सत्ता होती, हे आधी पाहू. मुरूडजवळ समुद्रात जंजिरा किल्ला आहे. तेथे सिद्दी राज्य करीत. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले होते. ते शूर दर्यावर्दी होते आणि मोगल बादशहाच्या आरमाराचे काम पाहत. थोडे उत्तरेला चौल-रेवदंडा येथे पोर्तुगीजांचे ठाणे होते. मुंबई बेट १६६८ पासून इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे होते. या सर्वांच्या मधोमध शिवाजी महाराजांनी आपले आरमार उभे केले. दौलतखान आणि दर्यासारंग हे त्या आरमाराचे प्रमुख सरदार होते. मुंबईच्या दक्षिणेस असलेल्या खांदेरी बेटावर महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी या दोघांनीही विरोध केला. दौलतखानाने त्यांच्याशी झुंज दिली आणि खांदेरी राखली. सिद्दीने लगेच शेजारचे उंदेरी बेट व्यापले. दोन शत्रूंचे दोन किल्ले समोरासमोर उभे राहिले. १६८० मध्ये अलिबागजवळ कुलाबा किल्ल्याचे काम सुरू झाले. म्हणजे हा किनारा ही एक सरहद्द होती. मात्र ही सरहद्द जमिनीवर आखलेली नव्हती. ती पाण्यावर होती आणि रोज बदलत होती.

विद्यार्थी मित्रांनो, या किनाऱ्यावरचे अनेक शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. जंजिरा हा शब्द अरबी जझीरा म्हणजे बेट या शब्दापासून आला. उर्दूत दर्या म्हणजे नदी. मराठीत मात्र दर्या म्हणजे समुद्र. सरखेल म्हणजे दळाचा प्रमुख. हा शब्द फारसीतून आला. गुराब हे लढाऊ जहाजाचे नाव. अरबी भाषेत गुराब म्हणजे कावळा. आरमार हा शब्द मात्र पोर्तुगीज भाषेतून आला. लढणारे एकमेकांचे वैरी होते, पण त्यांचे शब्द एकाच पाण्यात मिसळले.

१६८९ हे वर्ष मराठी राज्याला फार कठीण गेले. औरंगजेब बादशहाने छत्रपती संभाजी महाराजांना ठार केले. त्याच वर्षी राजधानी रायगड मोगलांच्या हाती पडली. राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यात गेले. किनाऱ्यावरची ठाणी एकाकी पडली. या धामधुमीच्या काळातली एक गोष्ट परंपरेने सांगितली जाते. सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार फितूर झाला आणि किल्ला देण्याच्या विचारात होता. हे तरुण कान्होजींच्या लक्षात आले. त्यांनी किल्लेदाराला कैद केले, किल्ल्याचा ताबा घेतला आणि वेढा उठेपर्यंत किल्ला लढवला. या गोष्टीत थोडीफार भर पडली असेल. पण कान्होजींचे नाव याच काळात पुढे आले, हे खरे आहे.

आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर यांचे १६९८ मध्ये निधन झाले. त्यानंतर कान्होजी सरखेल झाले. त्यांनी कुलाबा किल्ला हे आपले मुख्य ठाणे केले. मुंबईचे बंदर येथून जवळ, जंजिरा जवळ आणि चौलचे पोर्तुगीज तर शेजारीच. तिन्ही शत्रूंच्या मध्ये राहायचे धाडस त्यांनी केले.

कान्होजींची जहाजे कशी होती? त्यांच्याजवळ मुख्यतः गुराबा आणि गलबते होती. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. तिच्या नाळेवर म्हणजे पुढच्या टोकावर तोफा असत. गलबत लहान असे. त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत. ही जहाजे इंग्रजांच्या जहाजांइतकी मोठी नव्हती. पण त्यांचा तळ उथळ होता. त्यामुळे ती खाडीत आत शिरत, खडकांमधून वाट काढत. वारा पडला की इंग्रजांचे मोठे जहाज जागच्या जागी थांबून राही. अशा वेळी गलबते वल्ही मारीत गुराबांना ओढून नेत आणि शत्रूच्या पिछाडीला आणून उभ्या करीत. मोठ्या जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत, पिछाडीला फार थोड्या. मग नाळेवरच्या तोफांचा मारा सुरू होई. मोठा शत्रू कोठे दुबळा आहे, हे ओळखून लढण्याची ही रीत होती. या आरमारात कोळी, भंडारी, मुसलमान असे किनाऱ्यावरचे सर्व प्रकारचे लोक होते. काही युरोपी खलाशी आणि गोलंदाजही कान्होजींच्या पदरी होते. पावसाळ्यात समुद्र खवळला की जहाजे खाडीत आणली जात आणि त्यांची डागडुजी होई. पावसाळा संपला की आरमार पुन्हा बाहेर पडे.

आता खऱ्या भांडणाकडे वळू. हे भांडण होते परवान्याचे. समुद्रातून जाणाऱ्या जहाजाने कोणाचा परवाना घ्यायचा? पोर्तुगीज सोळाव्या शतकात आले, तेव्हापासून त्यांनी असा नियम केला होता की हिंदुस्थानातील प्रत्येक जहाजाने त्यांचा परवाना घेतला पाहिजे. परवाना नसेल तर ते जहाज पकडीत, माल लुटीत. अकबर बादशहाची आत्या गुलबदन बेगम हजच्या यात्रेला निघाली, तेव्हा पोर्तुगीजांच्या परवान्यासाठी तिला सुरतेत बराच काळ थांबावे लागले होते. एवढ्या मोठ्या बादशहाच्या घरची ही गोष्ट. मग साध्या व्यापाऱ्यांचे काय हाल होत असतील! पुढे इंग्रजही आपले परवाने देऊ लागले.

कान्होजींनी हाच नियम उलटा फिरवला. हा किनारा मराठी राज्याचा आहे. म्हणून या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने सरखेलचे दस्तक घ्यावे, ठरलेली रक्कम भरावी आणि निर्धास्त जावे. दस्तक नसेल तर जहाज पकडले जाईल. पोर्तुगीज आणि इंग्रज यांना हे मान्य होणे शक्यच नव्हते. आपली जहाजे कोणाचेही दस्तक घेणार नाहीत, असे ते म्हणत. इंग्रज तर आणखी एक युक्ती करीत. इतर व्यापाऱ्यांचा माल ते आपल्या निशाणाखाली नेत आणि तो आपलाच आहे असे सांगत. यावरून वारंवार खटके उडत.

१७१२ च्या नोव्हेंबरात कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराचे जहाज पकडले. त्या लढाईत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला आणि त्याची पत्नी कैद झाली. तीस हजार रुपये खंडणी घेऊन फेब्रुवारी १७१३ मध्ये तिची सुटका करण्यात आली. त्यानंतर इंग्रजांनी कान्होजींशी तह केला. इंग्रजांच्या जहाजांना त्रास द्यायचा नाही आणि इंग्रजांनी फक्त स्वतःचा माल न्यायचा, असे त्यात ठरले. पण हा तह फार दिवस टिकला नाही.

याच सुमारास मराठी राज्यात घरचे भांडण पेटले होते. एकीकडे ताराबाई, दुसरीकडे शाहू महाराज. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाला होते. शाहू महाराजांनी आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवले. कान्होजींनी बहिरोपंतांनाच कैद केले आणि लोहगड घेतला. साताऱ्यावर चाल होते की काय, अशी भीती पसरली. तेव्हा शाहू महाराजांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद दिले आणि कान्होजींकडे पाठवले.

बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे. श्रीवर्धन हे याच किनाऱ्यावरचे गाव, त्या वेळी सिद्दीच्या मुलखात असलेले. दोघेही कोकणातले. समुद्रापलीकडून आलेले शत्रू किती बलाढ्य आहेत, हे दोघांनाही ठाऊक होते. तलवार न उपसता बोलणी झाली. १७१४ च्या आरंभी तह झाला. कान्होजींनी शाहू महाराजांना छत्रपती म्हणून मान्य केले आणि बहिरोपंतांना सोडून दिले. शाहू महाराजांनी त्यांचे सरखेलपद कायम केले आणि दहा मोठे व सोळा लहान किल्ले त्यांच्याकडे ठेवले. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही सारी ठाणी त्यांत होती. आपसातले युद्ध टळले. हा शहाणपणा दोघांनी दाखवला नसता, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला. कान्होजींचा बीमोड करायचा, असा त्याने निश्चय केला. त्याने मुंबईभोवती तटबंदी पुरी केली आणि नवी लढाऊ जहाजे बांधली. १७१७ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला. तो फसला. १७१८ च्या नोव्हेंबरात बून स्वतः खांदेरीवर चालून गेला. खडकाळ किनारा आणि वरून होणारा तोफांचा मारा यामुळे त्याला परतावे लागले. १७२० मध्ये इंग्रजांनी एक तरंगता तोफखाना तयार केला आणि तो विजयदुर्गापुढे नेऊन उभा केला. तोही कुचकामी ठरला. याच वर्षी कान्होजींनी अलिबागेत हिराकोट नावाचा किल्ला बांधला. इंग्रज हल्ले करीत होते आणि कान्होजी आपली घडी बसवीत होते. अलिबाग गाव त्यांच्याच काळात नांदते झाले. अली नावाच्या एका गृहस्थाने येथे विहिरी खणल्या आणि आंब्या-नारळाच्या बागा लावल्या, त्यावरून गावाला अलिबाग हे नाव पडले, असे लोक सांगतात.

सर्वांत मोठा हल्ला १७२१ मध्ये झाला. इंग्रज आणि पोर्तुगीज हे एरवी एकमेकांचे वैरी. पण कान्होजींविरुद्ध ते एक झाले. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातली चार युद्धनौका घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला. गोव्याहून पोर्तुगीज व्हाइसरॉय फौज घेऊन आला. दोघांची मिळून सुमारे सहा हजार माणसे चौलला जमली आणि डिसेंबरमध्ये जमिनीवरून अलिबागेवर चालून आली.

कुलाब्यात कान्होजींचे लोक सज्ज होते. त्यांनी शाहू महाराजांकडे मदत मागितली होती. सात वर्षांपूर्वीचा तह आता कामी आला. बाळाजी विश्वनाथ तेव्हा हयात नव्हते. त्यांचा तरुण मुलगा पहिला बाजीराव पेशवा झाला होता. बाजीराव आणि पिलाजी जाधवराव यांचे घोडदळ घाट उतरून कोकणात आले. समोर किल्ल्याच्या तोफा आणि पाठीवर मराठी घोडेस्वार अशा कात्रीत इंग्रज आणि पोर्तुगीज सापडले. एका मराठी स्वाराने तर थेट मॅथ्यूजपर्यंत घोडा नेला आणि त्याच्या मांडीत भाला मारला. चिडलेला मॅथ्यूज पिस्तूल काढून त्याच्या मागे धावला, पण पिस्तूल उडालेच नाही. किल्ल्यावरचा हल्ला फसला. पराभवानंतर दोन्ही मित्र एकमेकांना दोष देऊ लागले. पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये मराठ्यांशी वेगळा तह केला. इंग्रज हात हलवीत मुंबईला परतले. दोन वर्षांनी, म्हणजे १७२४ मध्ये, डचांनी सात जहाजे घेऊन विजयदुर्गावर हल्ला केला. त्यांनाही यश आले नाही.

त्याच १७२४ साली कान्होजी आणि मुंबईचा नवा गव्हर्नर विल्यम फिप्स यांच्यात पत्रव्यवहार झाला. फिप्सने आरोप केला की तुमचे राज्य जुलमावर आणि समुद्रावरच्या लुटीवर चालते. यावर कान्होजींनी दिलेले उत्तर विचार करायला लावणारे आहे. त्याचा आशय असा : दुसऱ्याचे ते आपले व्हावे ही इच्छा व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही. ही जगाची रीत आहे. देव एकाचे काढून दुसऱ्याला देतो. ते योग्य की अयोग्य, हे कोण ठरवणार? आमच्या महाराजांनी चार बादशाह्यांशी झुंजून राज्य स्थापन केले. त्या राज्याला लुटारू म्हणणे व्यापाऱ्यांना शोभत नाही. तलवारीइतकीच कान्होजींची बुद्धीही धारदार होती, हे या पत्रातून दिसते.

कान्होजींचे निधन ४ जुलै १७२९ रोजी झाले. जवळजवळ तीस वर्षे ते सरखेल होते. इतक्या वर्षांत इंग्रज, पोर्तुगीज आणि डच यांपैकी कोणालाही त्यांचा एकही प्रमुख सागरी किल्ला जिंकून घेता आला नाही. मात्र जंजिरा कान्होजींनाही घेता आला नाही. तो सिद्दींकडेच राहिला, थेट १९४८ मध्ये ते संस्थान भारतात विलीन होईपर्यंत.

कान्होजींनंतर थोरले पुत्र सेखोजी सरखेल झाले. १७३३ मध्ये तेही वारले. मग भावाभावांत वाद सुरू झाला. आरमार वाटले गेले. एक भाग कुलाब्याला, दुसरा दक्षिणेकडे. पुढे तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे वैर वाढले. पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गात शिरून आंग्र्यांचे आरमार जाळले. जे आरमार परक्यांना चाळीस वर्षांत बुडवता आले नाही, ते घरच्या भांडणाने बुडाले. १७१४ मध्ये दाखवलेला शहाणपणा १७५६ मध्ये कोणी दाखवला नाही.

ही झाली कान्होजींची जीवनकथा. आता ती कोणी कशी लिहिली, हे पाहू. १७२१ च्या हल्ल्यात इंग्रजांच्या बाजूने क्लेमेंट डाउनिंग नावाचा एक खलाशी अधिकारी होता. त्याने १७३७ मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानातील युद्धांवर एक पुस्तक छापले. त्यात कान्होजींना चाचा म्हटले आहे. उर्दूत चाचा म्हणजे काका. पण मराठीत चाचा म्हणजे समुद्रावरचा लुटारू. पुढे १९०७ मध्ये जॉन बिडल्फ या इंग्रज लेखकाने एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच मलबारचे चाचे असा उल्लेख होता. दीडशे-पावणेदोनशे वर्षे इंग्रजी वाचणाऱ्या लोकांनी कान्होजींना अशाच पुस्तकांतून ओळखले.

जगात इतरत्रही असेच घडले. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली त्याच सुमारास इंग्रज व्यापाऱ्यांची दुसरी एक कंपनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर गेली. १६०७ मध्ये तिने जेम्सटाउन ही वसाहत वसवली. तेथे आधीपासून पोहाटन लोक राहत होते. वसाहत वाढू लागली तशा जमिनीवरून लढाया झाल्या. त्या काळाचा इतिहास जॉन स्मिथ या इंग्रज कप्तानाने लिहिला आणि १६२४ मध्ये छापला. त्यात वसाहतवाल्यांचे हाल आहेत, त्यांचे धाडस आहे. पण पोहाटनांची बाजू त्यांच्या स्वतःच्या तोंडून आलेली नाही. सरहद्दीवरच्या लढाईची पुस्तके बहुधा एकाच बाजूने लिहिलेली असतात. ती रंजक असतात, त्यांत खऱ्या घटनाही असतात. म्हणून ती जरूर वाचावीत. पण वाचताना लिहिणारा कोणत्या तटावर उभा होता, हे विसरू नये.

आपल्याकडील अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे शोधून दुसरी बाजू पुढे आणली. दा. गो. ढबू यांनी १९३९ मध्ये कुलाब्याच्या आंग्रे घराण्याचा इतिहास मराठीत लिहिला. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९४१ मध्ये कान्होजींच्या आरंभीच्या काळावर इंग्रजीत लेखन प्रसिद्ध केले. मनोहर माळगावकर यांनी १९५९ मध्ये कान्होजींचे इंग्रजी चरित्र लिहिले. त्यामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. कान्होजी हे एका राज्याचे नेमलेले सरखेल होते. ते तह करीत, कर घेत, किल्ले सांभाळीत. पोर्तुगीज आणि इंग्रज जे करीत होते, तेच त्यांनी आपल्या किनाऱ्यावर केले. मग परवाना मागणारा पोर्तुगीज अधिकारी ठरतो आणि दस्तक मागणारा मराठा लुटारू ठरतो, हा कोणता न्याय?

याचा अर्थ कान्होजींनी कोणालाही त्रास दिला नाही, असा नाही. दस्तक नसलेल्या जहाजांत हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची जहाजेही असत. त्यांचा माल गेला, काहींचे प्राणही गेले. चारी सत्तांच्या झटापटीत साध्या खलाशांचे आणि किनाऱ्यावरच्या गावांचे फार हाल झाले. खरा इतिहास सांगताना हेही सांगितले पाहिजे. वीरपुरुषाचा मोठेपणा त्यामुळे कमी होत नाही.

स्वतंत्र भारताने कान्होजींची आठवण जपली आहे. मुंबईतील नौदलाच्या ठाण्याला १९५१ पासून आय. एन. एस. आंग्रे असे नाव आहे. १९९९ मध्ये भारतीय डाक खात्याने कान्होजींच्या गुराबेचे चित्र असलेले तिकीट काढले. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. या तिन्ही किल्ल्यांनी कान्होजींना पाहिले आहे.

कान्होजींची समाधी अलिबाग गावात आहे. तुम्ही कधी अलिबागला गेलात, तर ती पाहा. मग किनाऱ्यावर जा, ओहोटीची वेळ विचारून घ्या आणि कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जा. मात्र भरतीपूर्वी परत फिरा. कुलाब्याचा समुद्र आजही वेळ चुकवणाऱ्याला माफ करीत नाही.

शब्दार्थ
सरखेल – आरमाराचा प्रमुख
दस्तक – परवाना
फितूर होणे – शत्रूला आतून सामील होणे
नाळ – जहाजाचे पुढचे टोक
पिछाडी – मागची बाजू
डोलकाठी – शिडाचा उंच खांब
वल्हे – नाव चालवण्याचे साधन
खंडणी – सुटकेसाठी घेतलेले पैसे
बीमोड करणे – पूर्ण नाश करणे
कात्रीत सापडणे – दोन्ही बाजूंनी अडचणीत येणे
हात हलवीत परत येणे – काहीही न मिळवता परत येणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कान्होजींनी आपले मुख्य ठाणे कोठे केले?
(आ) गुराब या शब्दाचा अरबी अर्थ कोणता?
(इ) गुलबदन बेगमला सुरतेत का थांबावे लागले?
२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कान्होजींची लहान जहाजे इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना कशी भारी पडत?
(आ) १७१४ च्या तहाचा १७२१ मध्ये कसा उपयोग झाला?
(इ) फिप्सच्या आरोपाला कान्होजींनी काय उत्तर दिले? ते तुम्हांला पटते का?
३. दर्या आणि चाचा या शब्दांचे उर्दूत व मराठीत वेगवेगळे अर्थ आहेत. असे आणखी तीन शब्द शोधून वाक्यांत उपयोग करा.
४. १७२१ ची लढाई एका इंग्रज शिपायाने घरी पत्र लिहून कशी कळवली असेल आणि कुलाब्यातील एका खलाशाने कशी सांगितली असेल? दोन्ही वर्णने पाच-पाच वाक्यांत लिहा.